हँडल फिरवून लागणारा टॉर्च-रेडिओ: तेरा महिने वापरून झाल्यावर

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळातनं हा टॉर्च घेतला, १,१५० रुपयाला, बॉक्सवर २,४९९ छापलंय ते सोडा, ते कोण देत नाही. हँडल फिरवायचं, आत वीज तयार होते, टॉर्च लागतो, रेडिओ लागतो आणि बाजूला यूएसबीचं भोक आहे त्यात मोबाईल लावायचा, असली वस्तू. वर काडेपेटीएवढं सोलर पॅनेल पण चिकटवलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा हाच साचा वेगवेगळ्या नावांनी विकतात, मलाच तीन नावांनी दिसला, तेव्हा नावाला काय अर्थ नाही.

माझं उद्यमबागला मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे, म्हणजे दिवसभर कॉइल, मॅग्नेट आणि जळालेलं इनॅमल ह्याच्यातच बसलेलो असतो. तरी दुकानदारानं दोन फेरे मारून झगझगीत लाईट पाडून दाखवला आणि म्हणाला, "एक मिनिट फिरवा, अर्धा तास टॉर्च, फोन पण चार्ज", आणि मी मान डोलावली. धंद्यातला माणूस असून. ह्याचं मला अजून हसू येतं.

घेतला कशाला ते सांगतो. सासरवाडी जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला. तिकडचा जुलैचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, मलप्रभा उगाच तिथनं निघत नाही. झाड पडतं, तार तुटते, करंट जातो तो कधी दुसऱ्या दिवशी येतो कधी चौथ्या, आणि एक दिवस झाला की टॉवरची बॅटरी पण संपते म्हणजे फोनला रेंज पण नाही. पॉवर बँक नेली तर ती दोन दिवसांत पोरंच संपवतात, गेम खेळून. म्हटलं जी वस्तू कधीच संपत नाही ती घेऊ.

पहिल्या रात्री मजा आली खरी. करंट गेला, मी पिशवीतनं हे काढलं, घर्रर्र घर्रर्र फिरवलं आणि पडवीत पांढरा उजेड पडला. मामी (सासूबाई) चुलीपुढनं उठून आल्या, हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला.

"जावईबापू, ह्यात तेल नाही, सेल बदलायचा नाही, मग हे जळतंय कशावर?"

"तुमच्या भाकरीवर, मामी," मी म्हटलं. "भाकरी खायची, हात फिरवायचा, हाताची वीज."

"म्हणजे माझ्याच भाकरीवर की," म्हणाल्या आणि परत चुलीकडं गेल्या. नंतर पोरांची भांडणं, मी फिरवणार मी फिरवणार, ती दीड दिवस चालली. तिसऱ्या दिवशी "अरे कोणतरी फिरवा रे" म्हणून मीच ओरडत होतो.

टॉर्च म्हणून वाईट नाही हे आधी लिहितो, कारण पुढं बरंच वाईट लिहायचंय. तीन एलईडी आहेत, बटण एकदा दाबलं की एक लागतो, परत दाबलं की तिन्ही. एका एलईडीत गोठ्यापर्यंतची वाट दिसते, पायाखाली साप आहे का काटकी आहे ते कळतं, आणि खेड्यात टॉर्चचं खरं काम तेवढंच असतं. शिंतोड्यानं काय होत नाही. सोलर पॅनेल जांबोटीला जुलैमध्ये म्हणजे निव्वळ दागिना, ते विसरा.

रेडिओचं मात्र गंमतशीर आहे. धारवाड स्वच्छ लागतं, रात्री सांगली पण लागतं, पण हँडल फिरवत असताना रेडिओवर नुसती खरखर, कारण आत ब्रशवाली मोटर आहे, ब्रश आणि तो ज्याच्यावर घासतो तो फिरता कम्युटेटर ह्यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडतात आणि त्या ठिणग्या म्हणजे रेडिओच्या भाषेत बोंबलणं. म्हणजे आधी फिरवायचं, थांबायचं, मग ऐकायचं. मराठी बातम्या चालू असताना अर्ध्यात आवाज बसला की फिरवायला घ्यायचं आणि तेवढ्यात नेमकी पावसाची बातमी निघून जायची. दोनदा झालं असं.

बेळगावला परत आल्यावर दुकानात टेबलावर ठेवून चार स्क्रू काढले. आत पांढऱ्या प्लास्टिकचे तीन गिअर, एकातनं एक, दात मोजून हिशेब केला तर हँडलचा एक फेरा म्हणजे मोटरच्या शाफ्टचे चाळीसच्या वर फेरे. मोटर म्हणजे खेळण्यातल्या गाडीत असते तसलीच, जरा जाड. एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देतो तो), सर्किटची एक बारीक पाटी आणि पांढऱ्या टेपात गुंडाळलेला ३०० एमएएचचा लिथियम सेल. बस्स. जनरेटर वगैरे वेगळं काय नसतं हो, मोटर आणि जनरेटर एकच वस्तू, शाफ्ट कोण फिरवतंय तेवढा फरक. करंट देऊन फिरवली तर मोटर, हातानं फिरवली तर तीच करंट देते. फिरवण्यातनं करंट निघतो हे फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलंय आणि आमचं दुकान अजून त्याच्यावरच चालतंय.

मग यूएसबीला मीटर लावला आणि फिरवायला घेतलं. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे घाईघाईनं, मिळाले ५ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर. २ वॅट. ह्याच्यापेक्षा जोरात फिरवलं तर गिअर कट्‌ कट्‌ आवाज करतात म्हणून मी भीत भीत थांबलो.

इथं एक गोष्ट बघण्यासारखी आहे, ज्याच्याकडं असेल त्यानं करून बघा. काहीच न लावता हँडल फिरवा, एका बोटानं फिरतं. एक एलईडी लावा, किंचित अडखळतं. मग फोन लावा. हँडल एकदम जड, कुंदा घोटताना शेवटी शेवटी झारा कसा कढईत रुतायला लागतो, अगदी तसं. फोन काढला की परत हलकं. म्हणजे तुम्ही वीज ओढायला लागला की ती उलट तुमच्या हाताला ओढते. दुकानातल्या पोराला मी हे करायला लावलं तेव्हा तो म्हणाला, आत काहीतरी अडकलंय. म्हटलं अडकलंय ते फोनचं पोट आहे. फुकट काय नाही, जेवढं तिकडं जातं तेवढं इथं मनगटातनं निघतं, आणि वर गिअर आणि मोटरचं कमिशन वेगळं.

आता फोनचा हिशेब, कारण सगळे ह्याच्यासाठीच घेतात. साध्या फोनची बॅटरी आज ५,००० एमएएचची असते, म्हणजे १९ वॅट-तास धरा. माझ्या हातातनं निघतात २ वॅट. भागाकार करा, साडेनऊ तास, ते पण काहीच वाया गेलं नाही तर, आणि वाया तर जातंच, तेव्हा बारा तास धरा. बारा तास सेकंदाला दोन फेरे. कोण फिरवणार? मी जास्तीत जास्त दहा मिनिटं फिरवलं एका बैठकीत, दोन्ही हात बदलून, बनियन भिजलं, आणि फोन एका टक्क्यानं वाढला, दुसरा टक्का दिसेपर्यंत स्क्रीननंच तो खाल्ला. बरं त्या दहा मिनिटांत एक दहा-बारा मिनिटांचा कॉल होईल एवढी वीज गेली असणार, अडीअडचणीला ॲम्ब्युलन्सला फोन करायचा तर तेवढं पुष्कळ झालं, पण बॉक्सवर फोनचं चित्र काढून हिरवी बॅटरी भरलेली दाखवलीय ना, ते चित्र बघून घेऊ नका. आणि फोन पूर्ण मेलेला असेल तर तो चालू व्हायलाच आधी काही टक्के मागतो, तोपर्यंत फिरवणारा मेलेला असतो.

"एक मिनिट फिरवा अर्धा तास टॉर्च" हे पण मोजलं. एका एलईडीवर नीट उजेड वीस मिनिटं, पुढं काजवा. तिन्ही एलईडीवर सहा-सात मिनिटं. रेडिओ बारीक आवाजात आठ मिनिटं. म्हणजे बॉक्सवाल्यानं काजव्याला पण उजेडात धरलंय.

हे सगळं मी आमच्या भाच्याला सांगत होतो, तो इंजिनीअरिंगला आहे, तर तो म्हणाला, मामा हात कशाला फिरवायचा, आम्ही चालण्यातनं वीज काढायलोय. प्रोजेक्ट. बघायला गेलो तर प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये स्पंज आणि पितळेच्या चकत्या चिकटवलेल्या, त्या पिझो डिस्क, म्हणजे दाबलं की वीज देणाऱ्या, शुभेच्छापत्रात गाणं वाजतं त्याच्यात असतात तसल्या, दहा-पंधरा रुपयाला एक. वर पाय दिला की एलईडी लुकलुकतात आणि मीटरवर २५ व्होल्ट दिसतात. २५ व्होल्ट बघून पोरं खूश, गाईड खूश. मी म्हटलं आता त्या मीटरला समांतर एक हजार ओहमचा रेझिस्टर लाव आणि परत उडी मार. लावला, मारली, काटा जागचा हलला नाही. व्होल्टेज दिसलं म्हणजे करंट आहे असं नसतंय रे बाबा, टाकीत पाणी उंचावर आहे पण नळ सुईएवढा, तर बादली कधी भरणार.

असली वीज आपल्या घरात कधीपासून आहे हे मात्र भाच्याच्या लक्षात आलं नव्हतं. गॅसचा लायटर. अंगठ्यानं दाबला की कट्‌ करून ठिणगी, हजारो व्होल्ट, आत ना सेल ना वायर, नुसता एक स्फटिक आणि त्याच्यावर आपटणारी छोटी हातोडी. काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंना वीज जमते हे पिअर आणि जॅक क्युरी ह्या भावांनी १८८० मध्ये शोधलं, आणि आज ती प्रत्येक स्वयंपाकघरात खिळ्याला लटकतेय. हाताच्या हालचालीतनं वीज काढणारी जगातली सगळ्यात यशस्वी वस्तू तीच असेल माझ्या मते, कारण तिच्याकडनं ठिणगीपेक्षा जास्त कोणी मागितलंच नाही.

भाचा ऐकेना. म्हणाला सीबीटीला (बेळगावचं मुख्य बस स्टँड) एवढी माणसं चालतात, फरशीखाली हे टाकलं तर बस स्टँड उजळेल. बरं, कर हिशेब म्हटलं. ७० किलोचा माणूस, फरशी पायाखाली ५ मिलिमीटर दबते, ह्याच्यापेक्षा जास्त दबली तर म्हातारी माणसं पडतील. एका पावलाला साडेतीन ज्यूलच्या आत, ते पण शंभर टक्के पकडलं तर. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटला साडेदहा लाख पावलं, आणि ते युनिट एका चहाच्या पैशात घरी येतं. भाचा गप्प. नंतर म्हणाला, मामा हे रिपोर्टमध्ये लिहायचं नाही हं.

तरी त्याला नाउमेद करायचं नव्हतं, कारण ह्या विषयावर खरंच मोठी माणसं बसलीत. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९९० च्या दशकात बुटात पिझो घालून बघितलंय, टाचेखाली बसवलेल्या चांगल्या सिरॅमिकमधनं एका बुटाला सरासरी ८.४ मिलीवॅट निघाले. मिलीवॅट हां. आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लॉरेन्स रोमनं पाठीवरची सॅक स्प्रिंगवर टांगली, चालताना ओझं वर-खाली होतं त्यातनं वीज काढली, तर ७.४ वॅटपर्यंत गेला. आता ७.४ वॅट ऐकायला भारी वाटतंय पण त्यासाठी पाठीवर ३८ किलो पाहिजे. मार्केट यार्डातल्या हमालाला सांगून बघा हे, पोतं तर तो उचलतोच, पण तुमचं ऐकून आधी पोतं खाली ठेवेल आणि मग बोलेल.

ह्या ८.४ वरनं बाबांचा विषय निघाला. बाबा कार्तिकीला पायी दिंडीत जातात, वय ६८, तर त्यांनी मला एकदा विचारलंच होतं, एवढं चालतोय, त्यातनं मोबाईल चार्ज होईल असलं काय नाही काय? तिथं मुक्कामाच्या शाळेत एका प्लगला तीस फोन लटकलेले असतात. मी हिशेब केला. बेळगाव ते पंढरपूर अडीचशेच्या वर किलोमीटर, ताशी चार धरले तर पासष्ट-एक तास नुसतं चालणं. दोन्ही पायांत ते एमआयटीचे बूट घातले तरी अख्ख्या वारीचा मिळून एक वॅट-तास. म्हणजे फोन पाच टक्के. बेळगावातनं निघताना फोन लावायचा आणि चंद्रभागेत पाय धुताना पाच टक्के.

बाबा म्हणाले, "पाच तर पाच, पण बूट घालून कोण वारी करतंय?"

असं का होतं हे एकदा डोक्यात बसलं की असल्या जाहिरातीला माणूस परत फसत नाही. वीज पाहिजे तर जोर पण पाहिजे आणि सरकणं पण पाहिजे. चालताना जोर भरपूर असतो, सगळं वजन टाचेवर, पण टाच बुटात सरकते किती, तर केसभर. थॅड स्टार्नर म्हणून एकानं १९९६ मध्ये लिहिलेलं आहे, ६८ किलोचा माणूस, टाच प्रत्येक पावलाला ५ सेंटिमीटर खाली जाते, तर कागदावर ६७ वॅट होतात. कागदावर. कारण ती ५ सेंटिमीटर खरंच खचायला लागली तर ते चालणं म्हणजे रोप लावताना वाफ्यातल्या चिखलात चालणं, खानापूर तालुक्यात कोणालाही विचारा, चिखलात शंभर पावलं आणि रस्त्यावर शंभर पावलं ह्यात फरक काय. ऑनलाइन "चालता चालता चार्ज" म्हणून इन्सोल दिसतात मधनंमधनं, त्यांच्या फोटोत पण फोनची हिरवी बॅटरी असते.

लहानपणीचा सायकलचा डायनामो आठवतो ना, ६ व्होल्ट ३ वॅट, टायरला घासत बाटलीसारखा. तो लावला की सायकल लगेच जड, आणि चढाला वेग कमी झाला की दिवा पण लाल व्हायचा, नेमका अंधार जास्त तिथं उजेड कमी. पावसात टायर ओला झाला की डोकं घसरायचं आणि दिवा गेला. पण ३ वॅट म्हणजे ह्या टॉर्चपेक्षा जास्त, आणि तेही काही वेगळं न करता, कारण पाय ताकदवान आणि सायकल आधीच फिरते आहे. मनगटाचं तसं नाही.

आता खरी तक्रार.

पावसाळा संपला, टॉर्च सासरीच फडताळात ठेवला. ह्या वर्षी मेच्या शेवटी वळवानं करंट घालवला, मामींनी काढला, फिरवला, फिरवतानाच नुसता लुकलुक, हात थांबला की लाईट बंद. फिरवा तेवढं जळणार, नाहीतर अंधार. सहा-सात महिन्यांत कोणी हात लावला नव्हता, तो ३०० एमएएचचा सेल आतल्या आत रिकामा होत होत तळाला गेला आणि मेला. मी उघडून मोजलं तर एक व्होल्ट पण नव्हता. लिथियम सेल असा तळाला जाऊन मेला की परत उठत नाही, आणि उठवायला जाऊ पण नये, फुगतो. म्हणजे जी वस्तू "सेलशिवाय कायम" म्हणून घेतली तिच्या पोटात सेलच बसलाय आणि पहिला मेला तो तोच. बॉक्सवर एका ओळीत लिहायला पाहिजे होतं, की दर दोन महिन्यांनी पाच मिनिटं फिरवा नाहीतर सेल जाईल. कुठं नाही लिहिलेलं. मी शोधलं, चारही बाजूला.

दुकानात घेऊन गेलो. वॉरंटी सहा महिने, झाले की सर. मी म्हटलं वॉरंटी सोडा, मला हा सेल तरी द्या, पैसे घ्या. म्हणे पार्ट येत नाही, नवीन घ्या, आता नवं मॉडेल आलंय, त्यात सायरन पण आहे.

सायरन.

ह्या धंद्यात ही खोड जुनी आहे. वीज काढणं सोपं, ठेवायची कुठं हा घोळ. ट्रेवर बेलिस म्हणून इंग्लंडचा माणूस होता, त्यानं चावीचा रेडिओ काढला १९९१ च्या सुमाराला, आफ्रिकेत जिथं सेल परवडत नाहीत तिथं लोकांना रेडिओ ऐकता यावा म्हणून. त्यानं वीज सेलमध्ये ठेवलीच नाही, पोलादाच्या स्प्रिंगमध्ये ठेवली, घड्याळाला चावी देतो तशी चावी द्यायची, स्प्रिंग हळूहळू सुटत डायनामो फिरवणार. स्प्रिंग फडताळात वर्षभर पडली तरी मरत नाही. पुढं नंतरच्या मॉडेलात चार्जिंगचे सेल आले, हलकं पडतं, स्वस्त पडतं. आणि त्याच्याही आधी दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये फिलिप्सचा मुठीत दाबायचा टॉर्च होता, दाबा-सोडा दाबा-सोडा, आत सेलच नाही, हात थांबला की अंधार. लोकांना तो कमीपणा वाटत असणार, मला आता तोच गुण वाटतो.

मग मी काय केलं ते सांगतो, ज्याला सोल्डर येतं त्यानं करावं, नाही येत त्यानं जवळच्या टीव्ही-रेडिओ रिपेअरवाल्याला दाखवावं. मेलेला सेल काढून टाकला आणि त्याच्या जागी सुपरकपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग, सेल नव्हे) बसवला, ५.५ व्होल्ट १ फॅरडचा, मोठ्या बटणाएवढा असतो. व्होल्टेज ५.५ च्या वर जाऊ नये म्हणून झेनर डायोड टाकला आणि तीनपैकी एकच एलईडी रेझिस्टर लावून ठेवला. आता पंधरा-वीस सेकंद फिरवलं की आठ-नऊ मिनिटं उजेड, हळूहळू मंद होत जातो, एकदम जात नाही. रात्री उठून मागच्या दारी जाऊन यायला आठ मिनिटं पुष्कळ झाली. रेडिओ गेला, म्हणजे लागतो पण एक गाणं पण पुरं होत नाही. यूएसबी तर मी कापूनच टाकला, कोणाला मोह नको. कपॅसिटरला चार्ज फार वेळ धरून ठेवता येत नाही हे खरं, आठवड्यानं बघितलं तर रिकामा असतो, पण रिकामा झाला म्हणून मरत नाही, फिरवला की परत हजर.

बाकीच्या बारीक गोष्टी. हँडल घडी होतं तिथला बिजागराचा स्क्रू ढिला होतो, माझा दोनदा झाला, सुरुवातीलाच काढून नखपॉलिशचा थेंब सोडून कसा. गिअर प्लास्टिकचे आहेत, पोरांच्या हातात दिलं तर उलट-सुलट झटके देऊन दात उडवतात, आमच्याकडं एक दात गेलाय, तेव्हापासून प्रत्येक फेऱ्याला एक उचकी. रात्री शांततेत ह्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो, चोरून कुठं जायचं असेल तर हा टॉर्च नको.

पाचपैकी देतो दोन. टॉर्चला तीन मिळाले असते, सेलचा एक कापला. ज्याला नुसता अडचणीचा उजेड पाहिजे त्यानं मुठीत दाबायचा साधा टॉर्च घ्यावा, गणपत गल्लीत फिरलात तर दीडशे-दोनशेला दिसतो, मात्र घेताना विचारा की आत सेल आहे का, आणि दुकानदारानं अभिमानानं "आहे की" म्हटलं तर तो ठेवा आणि नसलेला मागा. दाबून बघा, हात थांबल्यावर दोन-तीन सेकंदांत दिवा विझला पाहिजे. फोनसाठी हातानं काय पण घेऊ नका, चांगली पॉवर बँक भरून ठेवा आणि पोरांपासून लपवा.

परवा मामींना फोन केला, तिकडं आदल्या दिवसापासून करंट नाही, धो-धो चाललंय. टॉर्च चालतोय काय विचारलं, तर म्हणाल्या, चालतोय, खिळ्याला टांगलाय, चांगला आहे आता, लवकर पेटतोय. आणि लगेच, "जावईबापू, ठेवते हं, तीन टक्के हाय फोनात."

मी म्हटलं, आधीचं ते फोन लावायचं भोक ठेवलं असतं तर बरं झालं असतं काय?

"ठेवलं असतं तर फिरवत कोण बसणार? भाकऱ्या तुम्ही येऊन थापतासा काय?" म्हणाल्या, आणि कट झाला.